क्ष-किरण गाडीचे पाटे काढले तेव्हा

क्ष-किरण नळीच्या आत टंगस्टनची एक बारीक तार असते. ती तापल्याशिवाय नळीतून काहीही निघत नाही, आणि वापरून जुनी झालेली तार थंड असताना विलक्षण ठिसूळ असते. रुग्णालयात याने काही बिघडत नाही. तिथे यंत्र एका जागी उभे असते आणि रुग्ण चालत येतो. सिस्टर रेजिना यांच्या गाडीत नेमके उलटे होते. तिथे रुग्ण आपल्या पाड्यावर असत आणि यंत्र डोंगर चढत असे.

१९९७ साली त्या यंत्राच्या दोन नळ्या गेल्या. दोन्ही वेळी काच शाबूत होती, आतली तार तुटलेली होती. गाडी म्हणजे एक छोटा ट्रक, मागे पत्र्याची बंद खोली बसवलेला, वसईतल्या एका लहानशा धर्मादाय संस्थेचा. कामणच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन लोकांच्या छातीचे एक्स-रे काढायचे आणि क्षय असेल तर तो वेळेत शोधायचा, एवढेच तिचे काम. मी तेव्हा मुंबईच्या एका रुग्णालयात किरणोत्सारापासूनच्या सुरक्षेचे काम पाहत होतो आणि वसईच्याच एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहत होतो. कागदांवर माझ्यासारख्या कोणाची तरी सही लागते, म्हणून संस्थेने मला समितीवर घेतले होते.

जानेवारीच्या बैठकीत चिटणिसांनी ठराव वाचून दाखवला. तिसरी नळी आणली आहे, ती शेवटची. फेब्रुवारीच्या शिबिरात तीही गेली, तर यंत्र उतरवून गाडीवर पाण्याची टाकी बसवावी. वसईच्या नव्या वसाहतींत टँकरला मागणी होती. त्या टँकरचे पाणी ज्यांच्या टाकीत पडले असते त्यांत माझी इमारतही होती, त्यामुळे ठरावाला विरोध करताना माझा हेतू शुद्ध होता, एवढे तरी सिद्ध होते.

विरोध करणारे आम्ही दोघेच. दुसऱ्या सिस्टर रेजिना. सहा वर्षे ती गाडी त्याच चालवत होत्या. जड वाहनाचा परवाना त्यांनी पहिल्या परीक्षेत मिळवला होता आणि त्याविषयी त्या विनम्र नव्हत्या. एक्स-रेही त्याच काढत. गाडी गेली तर मठातल्या शाळेत शिवण शिकवण्याचे काम त्यांची वाट पाहत होते.

"सर, तार का तुटते ते तुम्ही मला तीन वेळा समजावलंत," बैठकीनंतर जिन्यात त्या म्हणाल्या. "आता ती तुटू नये म्हणून काय करायचं ते एकदा सांगा."

"गाडी बदलायची."

"बदलता येत नाही. दुसरं सांगा."

"रस्ते बदलायचे."

"मी प्रार्थनेत सुद्धा एवढं मोठं मागत नाही, सर."

तेव्हा मी विचार करायला बसलो.

ट्रकचा मागचा भार पाट्यांवर असतो. एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांना आपल्याकडे पाटे म्हणतात. ते एकाच वेळी दोन कामे करतात: वजन तोलतात आणि मागचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, जागेवर धरून ठेवतात. दोन कामे करणाऱ्याला दोन्ही नीट जमत नाहीत. आस घट्ट धरण्यासाठी पाटे ताठ असावे लागतात, आणि ताठ पाटे प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोहोचवतात. पहिली नळी गेल्यावर संस्थेने हमरस्त्यावरच्या तीन गॅरेजांत विचारले होते. तिघांनीही एकच उपाय सांगितला: आणखी दोन पाटे टाका. संस्थेने टाकले. दुसरी नळी पहिलीपेक्षा दोन महिने कमी टिकली.

माझा उपाय कामांची विभागणी करण्याचा होता. पाटे काढून टाकायचे. वजन तोलायला दोन मऊ, वेटोळ्याच्या स्प्रिंगा बसवायच्या. आस धरायला चार दांड्या: खालच्या दोन सरळ, चाकांजवळून पुढे चौकटीला जोडलेल्या, वरच्या दोन तिरक्या, आसाच्या मध्यावर गिअरचा जो गोळा असतो त्याच्यापासून दोन्ही बाजूंना फाकलेल्या. चाक वर-खाली जाईल, पण पुढे-मागे किंवा आडवे सरकणार नाही. मालवाहू ट्रकला हे परवडत नाही, कारण त्याचे ओझे रोज बदलते. आमच्या गाडीतले यंत्र मात्र खोलीला बोल्टांनी आवळलेले होते. ओझे कायम तेवढेच. हिशेबाप्रमाणे पूर्वी सेकंदाला तीन वेळा उसळणारी मागची बाजू आता दीड वेळाच उसळली असती.

आराखडा घेऊन मी त्याच तीन गॅरेजांत गेलो. पहिल्याने तो उलटा धरून पाहिला. दुसरा हसला. तिसऱ्याने आणखी दोन पाटे टाकायला सांगितले.

सिस्टरांनी मग मला पाचूबंदरला, युजीनकडे नेले. युजीन होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा. खाडीच्या काठाला, होड्या जिथे वर ओढून ठेवतात तिथेच त्याची शेड होती. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बोलण्याआधी हात पुसण्याची सवय. त्याने आराखडा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"पाटे काढले तर चाक जाग्यावर धरनार कोन, हे मी इचारनार होतो," तो म्हणाला. "ते तुम्ही लिवलंय."

हमरस्त्यावर एकाही माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिथेच काम त्याच्याकडे सोपवले.

रीतसर परवानगीचा कागद मिळायला दहा दिवस गेले, स्प्रिंगा कुर्ल्याच्या भंगारात शोधायला दोन रविवार. कोणत्या तरी परदेशी जीपच्या होत्या. मी प्रत्येक स्प्रिंगवर वजन ठेवून ती किती दबते ते मोजत होतो, तेव्हा भंगारवाल्याने मला खुर्ची आणि चहा दिला. बहुधा मला भोवळ आली आहे असा त्याचा समज झाला होता. दांड्या युजीनने जाड लोखंडी पाइपच्या केल्या. त्यांच्या टोकांना होडीच्या इंजिनाखाली बसवतात ते रबर घातले. वरच्या दोन दांड्यांना त्याने आटे पाडले, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करता येईल. माझ्या आराखड्यात आटे नव्हते.

"लांबी मी मोजूनच दिली आहे," मी म्हटले.

"दिलीय ना. पन होडीत आमी काय बी कायमचं ठोकत नाय."

"हा ट्रक आहे."

"तो बी हालतो, सर."

युजीनची आई मटिल्डाबाई शेडच्या दाराशी बोंबील निवडत बसायच्या. सत्तरीच्या, कानात जड सोन्याच्या कुड्या. आमचे बोलणे त्या ऐकत आणि मला मास्तर म्हणत. मी शिक्षक नाही हे मी दोनदा सांगितले.

"मग सारखं चुका काय काढता?" त्यांनी विचारले. मी पुन्हा सांगितले नाही.

शेवटची जोडणी शिबिराच्या आधीच्या आठवड्यात झाली. गाडी शेडमध्ये, खाडीकडे तोंड करून उभी होती. तिथली जमीन खाडीकडे उतरती, म्हणून युजीनने पुढच्या चाकांखाली लाकडी ठोकळे रचले होते. ते त्याने फार काळजीपूर्वक रचले, लांब जाऊन डोळा बारीक करून पाहिले, परत येऊन एक फळी वाढवली. आता एकच नाजूक गोष्ट उरली होती. इंजिनाची शक्ती मागच्या आसापर्यंत एका लांब फिरत्या शाफ्टने जाते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना, म्हणजे पुढे गिअरबॉक्सशी आणि मागे आसाच्या गोळ्याशी, वळू शकणारे सांधे असतात. हे दोन्ही सांधे सारख्याच कोनात वळलेले असले तर शाफ्ट शांत फिरतो. पाटे असताना कारखान्याने हा कोन ठरवून दिलेला असतो. आता तो आम्हाला ठरवायचा होता.

गिअरबॉक्सचा कोन गाडीच्या छापील पुस्तकात दिलेला होता. तिथपर्यंत हात पोहोचायला एक आडवी पट्टी काढावी लागली असती, म्हणून मी पुस्तकातला आकडा घेतला. मागचा कोन स्वतः मोजला. पाणसळ आणि कोनमापक घेऊन पाऊण तास गाडीखाली आडवा होतो. मी आकडा सांगायचा, युजीनने दांडी फिरवायची. पाव अंशाच्या आत आणून मी बाहेर आलो.

"डोळ्याला तिरपं वाटतंय," युजीन म्हणाला.

"डोळा हे उपकरण नाही."

त्याने हात पुसले आणि बोल्ट आवळले.

रविवारी मिस्सा संपल्यावर सिस्टर पवित्र पाण्याची बाटली घेऊन आल्या. साठ हजार व्होल्टच्या यंत्राजवळ कोणत्याही प्रकारचे पाणी शिंपडण्यास माझी लेखी हरकत राहील, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि फक्त चाकांवर शिंपडले.

"चाकांना तर चालतं ना?"

"चाकांना चिखलही चालतो."

"बरं झालं. तुमच्या शास्त्रात बसलं."

नळी अर्थातच गाडीत नव्हती. ती मठातल्या कपाटात भाताच्या तुसात पुरून ठेवली होती. तिच्या जागी मी तेवढ्याच वजनाची एक लाकडी पेटी आवळली आणि तिच्यात घरोघरी वापरून जुने झालेले साठ वॉटचे बारा दिवे बसवले. दिव्याची तारही टंगस्टनचीच असते. डिसेंबरात, जुने पाटे असताना, असेच बारा दिवे मी याच रस्त्याने कामणला नेले होते. पोहोचेपर्यंत पाच गेले होते. आज किती जातात ते पाहायचे होते.

निघताना मटिल्डाबाई करंडी घेऊन मागच्या दाराशी उभ्या होत्या.

"कामनला लेकीकडं जायचंय. बोंबील हायेत, बर्फ घातलाय. वास येनार नाय."

"मटिल्डाबाई, ही रुग्णांची गाडी आहे."

"मग मला बी गुडघं दुखतात."

सिस्टरांनी दार उघडून दिले. मी, युजीन, मटिल्डाबाई आणि बोंबील असे चौघे मागे बसलो. वास आला.

वसईच्या किल्ल्याकडून निघणारा रस्ता त्या वर्षी रस्ता म्हणण्याच्या सीमारेषेवर होता. डिसेंबरात याच रस्त्यावर माझे डोके दोनदा छताला लागले होते. आज खड्डा यायचा, चाक आत गेल्याचा आवाज व्हायचा, आणि खोली फक्त एक संथ हेलकावा घ्यायची. मी पेटी उघडली आणि यंत्राचे जनित्र क्षणभर लावून दिव्यांना वीज जोडून पाहिली. बाराही लागले. युजीनने हात पुसले. ते त्या वेळी स्वच्छच होते.

हमरस्ता ओलांडून कामणच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोर नुकताच केलेला डांबरी रस्ता होता. एकही खड्डा नाही. सिस्टरांनी वेग वाढवला, आणि मग ती घरघर सुरू झाली. फार मोठी नव्हती. गाडीच्या तळाला पाय टेकवले की पोटऱ्यांत जाणवायची. मला ती ओळखीची वाटली, कारण विजेला जोडलेला जुना लाउडस्पीकर असाच, सेकंदाला पन्नासाच्या घरात, गुणगुणतो. पण आमचे जनित्र बंद होते. कामणला थांबलो तेव्हा मी पुन्हा दिवे जोडले. तीन लागले नाहीत.

खड्ड्यांत एकही दिवा गेला नाही आणि गुळगुळीत रस्त्यावर तीन गेले. मी वहीत आकडे लिहिले. त्यांखाली स्पष्टीकरण लिहायची जागा होती. ती मी मोकळी ठेवली.

सिस्टर पुढून उतरून आल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांना उत्तर कळले.

"किती?"

"तीन."

त्या गाडीच्या पायरीवर बसल्या. "शनिवारी शिबिर आहे," त्या म्हणाल्या. मला तारीख माहीत होती. त्यांनाही ते माहीत होते.

तेवढ्यात मटिल्डाबाईंनी लेकीच्या घरी न्यायच्या आधी करंडी उघडून पाहिली. त्यांनी वरचा थर बाजूला केला, हात कोपरापर्यंत आत घातला, तळातला एक बोंबील काढून बोटांवर आडवा टाकला.

"युजीन, इकडं ये. हे बग."

बोंबील तसाही मऊच. हा अधिक मऊ होता, कडेने पांढुरका झालेला. मला फरक कळला नाही.

"खड्ड्यात आपटला असेल," मी म्हटले.

"आपटलेला बोंबील मोडतो, मास्तर. हा मोडलेला नाय. आनि बर्फ बगा." बर्फाचा चुरा वरून पार नाहीसा होऊन करंडीच्या तळाशी घट्ट बसला होता, पीठ चाळून खाली बसावे तसा. "वर जरासा बी नाय ऱ्हायला. हे बारीक थरथरनं हाय. युजीन, तुज्या पप्पाच्या होडीचा शाफ वाकडा बसला होता तवा शाफच्या वरच्या खनातला म्हावरा असाच यायचा. पुढच्या खनातला चांगला."

युजीन आईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "शाफ," तो म्हणाला.

एका बोंबलावरून निष्कर्ष काढणे मला मान्य नव्हते. पण त्या निष्कर्षाची परीक्षा घेणे सोपे होते, आणि तसे न करणे हा नुसता हट्ट ठरला असता. मटिल्डाबाईंना कामणलाच ठेवून आम्ही गाडी परत नव्या रस्त्यावर नेली. ताशी पंचेचाळीसला घरघर आली. मी सिस्टरांना गिअर काढून इंजिन मंद करायला सांगितले. गाडी नुसती घरंगळत राहिली आणि घरघरही राहिली. म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता. वेग उतरला तसा तिचा सूर उतरला. मग मी वहीत हिशेब केला. ताशी पंचेचाळीस म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. चाकाचा घेर अडीच मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला पाच फेरे. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाच, म्हणजे पंचवीस. आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नसतील, तर तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा अडखळतो. पन्नास.

मी वही युजीनला दाखवली.

"आई बोलली तेच ना?"

"तेच. फक्त आकडे आहेत."

आता कोणता कोन चुकला ते शोधायचे होते. रस्त्यालगत एका गोदामासमोर काँक्रीटचे सपाट अंगण होते. रविवार असल्याने बंद. पहारेकऱ्याला सिस्टरांचा पोशाख पुरेसा वाटला. मी पाणसळ लावून अंगण तपासले. ते खरोखर सपाट होते. युजीनने ती आडवी पट्टी काढली आणि मी दोन्ही टोके स्वतः मोजली. पुस्तकातला पुढचा आकडा बरोबर निघाला. मागचा, मी पाऊण तास आडवा राहून लावलेला, अडीच अंशांनी चुकलेला होता.

"पाव अंशाच्या आत होता," मी म्हणालो. "शेडमध्ये गाडी सपाट होती. उतार तू ठोकळ्यांनी भरून काढला होतास."

"भरला ना. आनि वर नाळ चढवली."

"काय चढवलं?"

"नाळ. पुढचं तोंड." युजीनने हाताने दाखवले. "आठ बोटं वर. कामाला घेतलेली होडी अशीच ठेवतात, पानी मागं निघून जातं. नाळ खाली ठेवून कोन काम करतं? ती बुडती होडी."

"युजीन, हा ट्रक आहे."

"तुमी शेडमदी बी तेच बोलला. मला वाटलं तुमाला दिसतंय. लांब जाऊन, डोळा लावून नाळ चढवली मी, तुमच्यासमोर."

दिसले होते खरे. मी ते सपाट करणेच समजलो होतो. पाणसळ पृथ्वीशी प्रामाणिक असते. गाडी त्या वेळी तिरपी होती, आणि मी मागचा सांधा गाडीशी नव्हे तर पृथ्वीशी जुळवला होता. युजीनने होडी बिनचूक ठेवली होती. मी कोन बिनचूक लावला होता. एकाने दुसऱ्याला एक वाक्य विचारले असते तर तीन दिवे वाचले असते. शिवाय त्याने मला तिरपे वाटते असे सांगितले होते, आणि मी त्याला उपकरणांची व्याख्या ऐकवली होती. हे मी त्याला तिथेच, गाडीखालून, सांगितले.

"जाऊ द्या, सर. आता किती फिरवू?"

कोन अडीच अंश, वरच्या-खालच्या दांड्यांतले अंतर चोवीस सेंटिमीटर. म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. आटा दोन मिलिमीटरचा.

"पाच फेरे. दोन्ही दांड्यांना सारखे."

तो फिरवू लागला. सिस्टर अंगणात वाकून आमचे चार पाय पाहत होत्या.

"आटे ठेवायची कल्पना कोणाची होती, सर?"

"माझी नव्हती."

"मी फक्त विचारलं."

चाळीस मिनिटांत काम झाले. दिव्यांपैकी गेलेले तीन काढून मी पहारेकऱ्याच्या चौकीतून तीन जुने मागून घेतले. त्याने ते सिस्टरांकडे पाहून दिले. नव्या रस्त्यावर आम्ही चार वेळा गेलो-आलो: तीस, चाळीस, पंचेचाळीस, आणि शेवटी सिस्टरांच्या आग्रहावरून साठ. पोटऱ्यांना काही जाणवले नाही. बाराही दिवे लागले. मी आणखी दोन फेऱ्या सुचवल्या. युजीनने डिझेलच्या काट्याकडे बोट दाखवले.

परतताना मटिल्डाबाईंना घ्यायला थांबलो. त्यांच्या लेकीने आम्हाला जेवायला बसवले. तळलेले बोंबील होते. वरच्या थरातले की तळातले ते मी ओळखू शकलो नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

"मास्तर, ते शिकायला म्हावरा इकावा लागतो," मटिल्डाबाई म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक टाकला.

शनिवारी आम्ही पाड्यावर पोहोचलो. शेवटचे सहा किलोमीटर नुसती दगडांची वाट होती आणि या वेळी गाडीत दिव्यांची पेटी नव्हती. तिसरी नळी होती. सिस्टर वाटेत एकदाही गायल्या नाहीत. एरवी त्या गाडी चालवताना गातात. मी मागे बसून नळीच्या आवरणाकडे पाहत होतो. पाहण्याने तारेवर काही परिणाम होत नाही हे मला ठाऊक होते.

चिंचेखाली माणसे बसली होती. सर्वांत पुढे काळूराम नावाचे एक वृद्ध गृहस्थ. ते पहाटेपासून होते. सिस्टरांनी जनित्र सुरू केले, यंत्रावरचा खटका दाबला आणि तारेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिले. तार तुटली असेल तर तो काटा शून्यावर बसून राहतो. डिसेंबरच्या आधी दोनदा त्यांनी तो तसाच बसलेला पाहिला होता.

काटा उचलला गेला, थोडा थरथरला आणि जिथे असायला हवा तिथे थांबला.

सिस्टरांनी काचेवर बोट ठेवले, जणू काटा तिथून सरकू नये म्हणून. मग बोट काढले आणि काळूरामना आत बोलावले.

"सदरा काढा. छाती इथं टेकवा. श्वास घ्या. धरा."

फिल्म धुऊन होईपर्यंत काळूराम उघड्या अंगाने पायरीवर बसले होते. मी ती ओली फिल्म उजेडात धरली. कडा स्पष्ट होत्या, फुप्फुसे स्वच्छ होती. डावीकडच्या सातव्या बरगडीवर जुन्या, जुळून आलेल्या मोडीची बारीक रेघसुद्धा दिसत होती.

"तुम्ही कधी पडला होतात का?" मी विचारले.

"ताडावरनं. बारा वरसं झाली." ते माझ्याकडे संशयाने पाहू लागले. "तुला कोनी सांगितलं?"

"या चित्रात दिसतं."

त्यांनी फिल्म बराच वेळ पाहिली. "ताड कुठं हाय यात?" त्यांनी विचारले.

सिस्टर समितीचा कागद घेऊन आल्या. त्यात यंत्राच्या स्थितीसाठी एक रकाना होता. "काय लिहू, सर?"

"एका खेपेवरून काही सिद्ध होत नाही. नळीचं सरासरी आयुष्य ठरवायला किमान नऊ-दहा शिबिरं लागतील. शिवाय—"

"रकान्यात एकच शब्द मावतो."

"चालू," मी म्हणालो.

त्यांनी तो लिहिला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि चिंचेखालच्या माणसांना सांगितले की पुढचे शिबिर मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आहे. समितीने ती तारीख अजून मंजूर केली नव्हती. मी समितीवर होतो. ती तारीख मी वहीत लिहून घेतली.

संध्याकाळपर्यंत त्रेपन्न एक्स-रे निघाले. चौघांच्या फुप्फुसांत सावली होती, पण लवकर सापडलेली, औषधाने जाणारी. त्यांतले दोघे, एक नवरा-बायको, लगेच दवाखान्यात यायला तयार झाले. सिस्टरांनी त्यांना मागे माझ्याजवळ बसवले आणि मला खिडकी उघडी ठेवायला सांगितले. दगडांची वाट उतरताना पुढून गाण्याचा आवाज येऊ लागला. सिस्टर सुरात गात नव्हत्या, पण मोठ्याने गात होत्या. त्या बाईने आधी खिडकीचा गज घट्ट धरला होता. थोड्या वेळाने तो सोडला. कामण यायच्या आधीच दोघेही बसल्या जागी झोपी गेले. पाटे असताना त्या गाडीत कोणाला झोप लागली नसती, असे माझे मत आहे. मोजलेले मात्र नाही.